साप खात नाही? फोन करण्याआधी हे वाचा

आमच्याकडून नवा साप घरी गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन वाजतो आणि प्रश्न बहुधा एकच असतो: "काहीच खात नाहीये हो, आजारी तर नसेल ना?" आमचाही उलटा प्रश्न ठरलेला: "बाहेर कितीदा काढलात?" पलीकडे जरा शांतता. मग, "तसं फार नाही... संध्याकाळी थोडा वेळ. आणि परवा पाहुणे आले होते तेव्हा."

फोन करायला आमची ना नाही. पण सापाच्या भुकेची तक्रार पुष्कळदा आपल्याच हातांपाशी येऊन थांबते, म्हणून हे आधीच छापून देतो. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक, आम्ही देतो त्या दोन्ही जातींना हे लागू आहे. कॉर्न स्नेक थोडा धीट असतो, एवढाच फरक.

पहिला आठवडा: पाणी बदला, बाकी काही नको

साप जग ओळखतो ते मुख्यतः वासावर. जीभ आत-बाहेर करतो तेव्हा हवेतले कण टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत पोचवत असतो. नव्या घरात त्याला ओळखीचा असा एकही वास नसतो. त्यात बॉल पायथन हा मुळात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून राहणारा प्राणी. अशाला रोज उचलून उजेडात आणलं तर त्याच्या हिशेबी रोज एक शिकारी येऊन त्याला पकडतो आहे. पळण्याच्या तयारीत असलेला प्राणी जेवत नाही. खाऊन जड झालेलं अंग घेऊन पळता येत नाही.

म्हणून किमान ७ दिवस हात लावायचा नाही. पाणी बदला, शी दिसली तर तेवढाच भाग काढा. स्वच्छतेच्या हौसेनं सगळं घर धुऊन काढू नका, कारण त्यानं स्वतःचा म्हणून जो थोडा वास पसरवलेला असतो तोही जातो आणि बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "मग सवय कधी होणार?" असं विचारतात. आधी जागेची होऊ द्या. सलग तीन वेळा न कुरकुरता खाल्लं की मग हाताळायला घ्या.

खरी चूक इथे होते

सातव्या-आठव्या दिवशी पहिलं भक्ष्य दिलं आणि त्यानं तोंड फिरवलं, तर इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. बिघडतं ते पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंदीर, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी कोणीतरी सुचवतं म्हणून हाइड (सापाची दडायची जागा) बदलली, पाचव्या दिवशी तळातला भुसा बदलला, मग टँक, म्हणजे सापाची काचेची पेटी, दुसऱ्या खोलीत. प्रत्येक वेळी झाकण उघडलं, चिमटा आत आला. आठवड्याभरात तो चिमटा म्हणजे जेवण नसून त्रास आहे हे साप बरोबर शिकतो, आणि ते विसरायला लावण्यात पुढचा महिना जातो. तुमचाही आणि आमचाही.

सकाळपर्यंत घेतलं नाही तर भक्ष्य काढून घ्या आणि थांबा: पिल्लू असेल तर ५ ते ७ दिवस, मोठा असेल तर १० ते १४. मधे काही करायचं नाही. बदल करायचाच झाला तर एका वेळी एक, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार कसं?

देण्याची पद्धतही महत्त्वाची. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवा. पोटाचा भाग हाताला कोमट लागला पाहिजे, साधारण ३८ अंश. मायक्रोवेव्ह अजिबात नको. बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो आणि पोट फुटतं. आकार सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा. अंधार पडल्यावर, खोलीतला दिवा मालवून, लांब चिमट्यानं हाइडच्या तोंडाशी धरा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, त्यामुळे थंडगार उंदीर त्याला खाणं वाटतच नाही. तोंडासमोर नाचवू नका. काही मिनिटांत घेतला नाही तर तिथेच ठेवून झाकण लावा, सकाळी काढून टाका. जिवंत उंदीर आम्ही देत नाही. उंदीर चावतो, आणि बिथरलेला साप प्रतिकारही करत नाही.

"पैसे दिले, मग साप आजच का नाही?"

ही आमच्यावरची दुसरी तक्रार. घर आधी, साप नंतर, हा आमचा नियम आहे आणि तो बदलणार नाही. टँक लावून, हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) चालू करून दोन दिवसांचे तापमानाचे आणि आर्द्रतेचे आकडे आम्हाला पाठवा. बॉल पायथनसाठी उबदार टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७, आर्द्रता ५५ ते ७० टक्के. कॉर्न स्नेकला उबदार टोक २८ ते ३० आणि थंड टोक २२ ते २५ पुरतं. साप स्वतःचं अंग तापवू शकत नाही. ऊब कमी पडली तर पचन अडतं, आणि खाल्लेलं दोन दिवसांनी उलटून बाहेर येतं. काचेला चिकटवायचे गोल तापमापक फक्त तिथली हवा सांगतात. साप बसतो त्या जमिनीचं तापमान मोजायला प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाला संवेदक असलेला तापमापक, लागतो.

थर्मोस्टॅटशिवाय (मॅटचं तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) हीट मॅट मागितली तर आम्ही नाही म्हणतो. काहींना ही विक्रीची युक्ती वाटते. पण मोकाट मॅट सापाला भाजून काढेल इतकी तापू शकते, आणि पोटाखालून चटका बसत असताना साप वेळेवर सरकेलच असं नाही. घरी चालू थर्मोस्टॅट असेल तर घेऊन या, तपासून देऊ, नवा घेऊ नका.

हाइडचंही तसंच. दोन हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, शक्यतो एकसारख्या. एकच असली तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो आडोसा निवडतो. आत वेटोळं घातल्यावर पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकली पाहिजे. दोन्ही बाजूंनी उघडा लाकडी ओंडका फोटोत छान दिसतो, सापाच्या उपयोगाचा नाही. आमच्या हाइड धुवायला सोप्या आणि वजनदार आहेत, सहज उलटत नाहीत. पण प्लास्टिकचा डबा उपडा घालून, दार कापून, कडा घासून गुळगुळीत केल्या तरी काम भागतं. टँक मोठा असण्याला हरकत नाही, मोकळा असण्याला आहे. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा, आत कृत्रिम पानं भरा. झाकणाला कुलपी खटका हवाच. जिथून डोकं जातं तिथून साप जातो.

काळजी कधी करायची

मोठा, धष्टपुष्ट बॉल पायथन कित्येक आठवडे जेवण टाळू शकतो आणि ठणठणीत राहतो. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर कात येते आहे. तेव्हा खाणंही देऊ नका, हातही लावू नका. पोट दिसायला कसंही दिसो, भरवसा काट्यावर ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा वजन करून लिहून ठेवा. १० टक्क्यांहून जास्त घट झाली तर डॉक्टर. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या बाबतीत मात्र एवढा धीर धरू नका, लागोपाठ दोन-तीन नकार आले की कळवा.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, पाण्याच्या भांड्यात किंवा डोळ्यांभोवती हलणारे काळे ठिपके, यांपैकी काही दिसलं तर आमची वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. खाल्लेलं उलटून आलं तर १० ते १४ दिवस उपास, नंतर निम्म्या आकाराचं भक्ष्य. पुन्हा तसंच झालं तर डॉक्टर. डोळ्यावर कातीचा पापुद्रा राहिला तर नखानं काढू नका. घरात आधीचे साप असतील तर नव्याला निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

"खात नाही" एवढ्याच कारणासाठी पहिल्या महिन्यात साप परत घेत नाही, याचा काहींना राग येतो. इथून निघालेला प्रत्येक साप गोठवून गरम केलेलं भक्ष्य आपणहून अनेकदा खाऊन निघालेला असतो. तारखा सोबतच्या कार्डावर आहेत. परत आणणं म्हणजे आणखी एक प्रवास, आणखी एक अनोळखी जागा. त्यापेक्षा तुमचं घर फोनवरून नीट करून देणं त्याच्या सोयीचं असतं, आणि त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

तिसरं जेवण झाल्यावर ४८ तास जाऊ द्या, मग पहिल्यांदा बाहेर काढा. आधी हात धुवा, म्हणजे उंदराचा वास राहणार नाही. नंतरही धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, बाजूनं न्या, अंगाच्या मधल्या भागाला आधार द्या आणि दहा मिनिटांत परत ठेवा.

एवढं करूनही अडलं तर फोन करताना दोन्ही टोकांचं तापमान, शेवटच्या जेवणाची तारीख आणि वजन हाताशी ठेवा, आणि टँकचा एक फोटो पाठवा. सापाचा फोटो नको. तो काढायला लोक त्याला बाहेर काढतात.