५६०० की ५६००जी: मागच्या ‘जी’वरून होणारा घोळ

दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की ओळखीतल्या कोण्या ना कोण्या पोट्ट्याचं नव्या गेमिंग पीसीचं कोटेशन माझ्या व्हॉट्सॲपवर येतं, "दादा पाहून दे ना, बरोबर आहे काय". नागपुरात बर्डीवरच्या दुकानातून हाताने लिहून आणलेला कागद असतो, त्याचा फोटो. आणि त्यात नव्वद टक्के वेळा एकच गोष्ट दिसते, पहिल्या ओळीत एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि दोन ओळी सोडून आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. साधा ५६०० सोडून काहून घेतला जी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. एक तर "जी म्हणजे गेमिंग ना", नाहीतर "प्रोसेसर तोच आहे दादा, वरून ग्राफिक्स फुकट भेटते". दोन्ही चूक. पहिलं लगेच सुधारता येतं, जी म्हणजे प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स आहे एवढंच. दुसरं जास्त वाईट, कारण ते ऐकायला एकदम पटतं आणि दुकानदारही तेच सांगून राहिले.

आधी ५६०० आणि ५६००जी मध्ये सारखं काय आहे ते पटकन सांगतो. दोघांतही ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), दोघांचा बूस्ट म्हणजे जास्तीत जास्त वेग ४.४ गिगाहर्ट्झ, दोघं ६५ वॉटचे, एएम४ सॉकेटचे (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), बॉक्समध्ये पंखाही सारखाच. आपल्या इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो म्हणून बरेच जण विचारतात की कोणता कमी तापतो. या मुद्द्यावर निवड करूच नका. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या आणि ते खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवू नका, ओली हवा आणि धूळ मिळून आत चिखल होतो.

आता खरा फरक. नंबर एकच असला तरी ५६००जी म्हणजे "५६०० अधिक ग्राफिक्स" असा हिशोब नाहीच, आतली चिपच वेगळी आहे. ५६००जी ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानात आला, त्यात कोअर आणि ग्राफिक्स सगळं सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बसवलंय. ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, त्यात कोअर एका तुकड्यावर आणि बाकीचा कारभार दुसऱ्या तुकड्यावर. जीच्या एकाच तुकड्यात ग्राफिक्सला जागा द्यायची तर दुसऱ्या कशाची तरी जागा कापावी लागते, आणि जी कापली ती म्हणजे एल३ कॅश मेमरी. ५६०० मध्ये ती ३२ एमबी, ५६००जी मध्ये १६. अर्धी! कोटेशनच्या कागदावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, त्यावर फक्त "६ कोअर ४.४" असं असतं आणि पोरगं म्हणतं सेम आहे.

ही कॅश गेमला काहून लागते ते पहा. इतवारीतल्या एखाद्या होलसेल किराणा दुकानात उभे राहिले असाल तर पाहिलं असेल, मालकाच्या हाताशी जेवढा माल मांडलाय तेवढा तो बोलता बोलता तोलून देतो, पण तुम्ही असं काही मागितलं जे मागच्या गोडाऊनमध्ये आहे, की नोकर उठून जातो, आणतो, आणि तोवर मालकही थांबला अन् तुम्हीही थांबले. कॅश म्हणजे हाताशी मांडलेला माल, रॅम म्हणजे गोडाऊन. व्हिडिओ एक्स्पोर्टसारखं काम म्हणजे एकाच गिऱ्हाईकाची लांब यादी, पुढे काय लागणार ते आधीच माहीत असतं म्हणून नोकर आधीच आणून ठेवतो. गेममध्ये मात्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, कोण कुठे पळतंय, कोणती गोळी कुठे लागली, कोणता दरवाजा उघडला, हे सगळं उलटसुलट मागितलं जातं आणि गोडाऊनच्या चकरा वाढतात. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कंपनीचंच उदाहरण घ्या. एएमडीने एप्रिल २०२२ मध्येच ५८००एक्स३डी काढला, त्याचा बूस्ट साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, ४.७ च्या जागी ४.५, पण कॅश ३२ वरून ९६ एमबी केली आणि गेमिंगमध्ये तो पुढे गेला. म्हणून जेव्हा कोणी फक्त गिगाहर्ट्झ पाहून "दोन्ही सारखेच" म्हणतं तेव्हा माझा खरंच जीव जळतो, कारण पैसे त्या पोराच्या बापाचे जातात.

हा फरक प्रत्येक गेममध्ये दिसेल असंही नाही. सेटिंग फुल करून जड गेम खेळत असाल तर सगळा भार ग्राफिक्स कार्डवर असतो, तिथे दोघं जवळपास बरोबरीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ सारखे गेम कमी सेटिंगवर, १४४ किंवा १६५ हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी चित्रं दाखवणाऱ्या) मॉनिटरवर खेळायचे असतील तर तिथे जी मागे पडतो, आणि बजेट पीसी घेणाऱ्या आपल्या पोरांमधले बहुतेक जण हेच तर खेळतात.

दुसरी कापलेली गोष्ट म्हणजे पीसीआयई, कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा रस्ता. ५६०० मध्ये ४.०, जीमध्ये ३.०. म्हणजे जीमध्ये हा रस्ता दर लेनमागे अर्धा रुंद. आरएक्स ६६०० आठ लेन वापरतं, त्याला फारसं जाणवत नाही. पण आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेनवर चालतं आणि त्यात मेमरी फक्त ४ जीबी, ती भरली की त्याच अरुंद रस्त्यावरून रॅमकडे धावाधाव सुरू, मग गेम अटकत अटकत चालतो. जी आणि ६५०० एक्सटी ही जोडी कोटेशनमध्ये दिसली की मी सरळ फुली मारतो. आणि हो, ए५२० किंवा बी४५० मदरबोर्ड घेतला तर कार्डचा स्लॉट ५६०० लाही ३.०च मिळतो, तिथे फक्त कॅशचाच फायदा उरतो. ४.० पाहिजे तर बी५५० घ्यावा लागतो.

मग जी वाईट आहे काय? अजिबात नाही. ज्याला आज कार्ड घेताच येत नाही आणि वर्ष-दोन वर्षं घेणं जमणार नाही, त्याने ५६००जीच घ्यावा, मी स्वतः दोघातिघांना तोच घ्यायला लावला. ५६०० ला कार्डाशिवाय डिस्प्लेच येत नाही, बोर्डच्या मागे एचडीएमआयचं भोक दिसतं म्हणून लोक वायर तिथे खुपसतात आणि मॉनिटर काळा पाहून बोर्ड खराब निघाला म्हणून दुकानात परत नेतात. ते भोक जीसारख्या प्रोसेसरसाठी आहे.

पण जी घ्यायचा तर रॅम नीट घ्या, कारण जीच्या आतल्या ‘वेगा’ नावाच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच खातं. माझ्या मावसभावाचा पीसी दुकानवाल्याने असेंबल करून दिला, ५६००जी, कार्ड नाही, आणि १६ जीबीची एकच स्टिक, "नंतर अजून एक टाकता येईल" म्हणून. व्हॅलोरंट अटकत होता आणि पोट्टा दोन महिने वायफायला दोष देऊन राहिला होता. मी घरी गेलो, बाजूचं झाकण काढलं, चार स्लॉटपैकी एकातच स्टिक. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) पाहिलं तर ३२०० वेगाची रॅम २४०० वर चाललेली, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालूच केलं नव्हतं. म्हणजे ग्राफिक्सला सेकंदाला १९.२ जीबीचा डेटा, आणि त्यातही प्रोसेसरचा वाटा. ती स्टिक बदलून ८-८ च्या दोन आणल्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही टोकं टक्क वाजेपर्यंत दाबल्या, एक्सएमपी चालू केलं, झाले ५१.२. त्याच रात्री १०८०पी रेझोल्युशनवर गेम गुळगुळीत चालला, दुसरं काहीच बदललं नाही. आरएक्स ६६०० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे, म्हणून नवे जड गेम ‘वेगा’ ग्राफिक्सवर चालतील ही आशा मात्र ठेवू नका, व्हॅलोरंट होईल, जीटीए ५ सेटिंग कमी करून होईल, सायबरपंकसाठी कार्डच लागतं.

बाकीच्या प्रोसेसरांच्या नावातली अक्षरं उरकतो. ५६००जीटी हा जीचाच भाऊ, कॅश १६ च. ५५०० म्हणजे जीचीच चिप, ग्राफिक्स बंद केलेली, म्हणजे कॅशही अर्धी आणि डिस्प्लेही नाही, मला तो कधीच आवडला नाही. इंटेलमध्ये १२४००एफ मधला एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, फास्ट वगैरे काही नाही. आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा बिननावाचा एसएमपीएस (वीज देणारा डबा) घेऊन त्यावर कार्ड चालवू नका, आरजीबी (रंगीत लाइटचे) पंखे कमी करा अन् ते पैसे तिथे टाका.

ज्यांनी जी आणि कार्ड दोन्ही आधीच घेतलंय त्यांनी घाबरून अर्ध्या भावात विकू नका. मॉनिटरची वायर कार्डच्या मागे लावलीय का ते आधी पाहा, रॅम दोन स्टिकची करा, खेळून बघा. फ्रेम खरंच कमी पडत असतील तरच बोर्ड तोच ठेवून, बायोस अपडेट करून, ५६०० टाका, आणि निघालेला जी घरच्यांच्या साध्या पीसीत बसवा, तिथे त्याला कार्ड लागत नाही.