कानातला बोकड

यवतमाळकडच्या खेड्यांत न्हाव्याच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या कानात केस दिसले, की कोणीतरी हमखास म्हणते, "बुढा शंभरी गाठते, बाप्पा!" वय वाढतं तशी पुरुषी संप्रेरकांमुळे तिथली मऊ लव राठ होते, एवढंच. शंभरीचा संबंध नाही. पाळीवरचे केस वाय गुणसूत्रातून बापाकडून पोराकडे जातात, हे पाठ्यपुस्तकी वाक्यही २००४ साली दक्षिण भारतातल्या पुरुषांच्या डीएनए तपासणीत टिकलं नाही.

पण कानातल्या केसांनी शरीरशास्त्राला एक शब्द दिलाय. वरातीतला डीजे असह्य झाला की कानाच्या भोकापुढचा जो कूर्चेचा उंचवटा आपण बोटाने आत दाबतो, तो 'ट्रॅगस'. ग्रीकमध्ये 'त्रागोस' म्हणजे बोकड. उंचवट्याच्या आतून डोकावणारा केसांचा झुपका त्या लोकांना बोकडाची दाढी वाटला. आठवडी बाजारात खुंटीला बांधलेला बोकड जवळून पाहा, पटेल. 'ट्रॅजेडी'तही हाच बोकड लपलाय.

आता खरी गंमत. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन कानांतल्या फरकावरून कळतं. पण वरून की खालून? समोरून येणाऱ्या आवाजात दोन्ही कानांना सारखंच ऐकू येतं. इथे कानाच्या घड्या कामाला येतात. काही ध्वनी थेट भोकात शिरतो, काही घडीवर आपटून. समजा, आपटलेला ध्वनी २ सेंटिमीटर जास्त चालला. मग ४ सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे साधारण ८,५०० हर्ट्झच्या लहरीचा उंचवटा दुसऱ्या लहरीच्या खळग्यावर पडतो आणि तेवढा सूर दबतो. आवाजाची जागा वर सरकली की हे जास्तीचं अंतर बदलतं, दबणारा सूरही बदलतो. मेंदू ही गाळलेली जागा वाचतो! १९९८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माणसांच्या कानांत साचे बसवून घड्यांचा आकार बदलला. डावं-उजवं शाबूत राहिलं, वर-खाली बिघडलं. काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला.

कीटक खाणाऱ्या बऱ्याच वटवाघळांत ट्रॅगस भाल्याच्या पात्यासारखा उभा असतो. १९८२ सालच्या अमेरिकेतल्या प्रयोगात तो चिकटवून बाजूला केला, तर प्रतिध्वनी वरून येतोय की खालून, हे त्यांना नीट ओळखता येईना. आपल्या चिंचेवर दिवसा उलटी लटकणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांना मात्र ट्रॅगस नसतोच. त्यांचं काम डोळ्यांवर आणि नाकावर भागतं.