हार्ट ॲटॅक खरंच कमी झाले होते?

‘लॉकडाऊनमध्ये हवा स्वच्छ होती, धावपळ नव्हती, म्हणून हार्ट ॲटॅकही कमी झाले,’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा म्हणून रुग्णालयांचे आकडे दाखवतात, आणि ते आकडे खरे आहेत. मार्च २०२० मधल्या एका आठवड्यात इटलीतल्या ५४ रुग्णालयांत हार्ट ॲटॅकचे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा ४८ टक्क्यांनी घटले. भारतातल्या पाहणीतही मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे ३५ टक्के घट दिसली.

पण इटलीचे आकडे नीट सोडवून पाहा. रक्तवाहिनी पूर्ण बंद करणारे मोठे झटके २६ टक्क्यांनी घटले, तर अर्धवट अडथळ्याचे, सहसा सौम्य वाटणारे झटके ६५ टक्क्यांनी. स्वच्छ हवेनं असा भेदभाव कशाला केला असता? तो कोविडच्या भीतीनं घरी थांबलेल्या माणसांनी केला. दुखणं सोसवलं, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून ते अंगावर काढलं. हाँगकाँगच्या क्वीन मेरी रुग्णालयात त्या फेब्रुवारीच्या सुमारास मोठा झटका आलेले सातच रुग्ण तपासले गेले. त्यांना दुखू लागल्यापासून वैद्यकीय मदत मिळेपर्यंतचा मध्यक वेळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) होता ३१८ मिनिटं. आदल्या वर्षी तो ८२ मिनिटांच्या आसपास होता.

या जास्तीच्या जवळजवळ चार तासांत काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून जातात आणि तिथून फांद्या आत शिरतात. त्यामुळे भिंतीचा सर्वांत आतला थर म्हणजे कालव्याच्या टेलचं शेत. शिवाय प्रत्येक ठोक्याला सर्वाधिक दाबला जातो तोच. गुठळी अडकली की पेशींतली ऊर्जा संपते, आम्ल साचतं, कॅल्शियम आत घुसतं, शेवटी पेशीचं आवरण फाटतं आणि ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन रक्तात येतं. रक्ततपासणीत सापडतं ते हेच. हे मरण आतून बाहेर सरकत जातं. १९७७ साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांची धमनी ठरावीक वेळ बांधून ते मोजलं: ४० मिनिटांनी सोडली, तर धोक्यातला ३८ टक्के स्नायू मेलेला, तीन तासांनी ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के. माणसात हा वेग पर्यायी रक्तपुरवठ्यानुसार बदलतो, दिशा मात्र तीच. हाँगकाँगची ३१८ मिनिटं या आकड्यांशेजारी ठेवा. बंद धमनी उघडणारी अँजिओप्लास्टी तर त्यानंतरची, आणि तिलाही कोविडची चौकशी, पीपीई किट यांत उशीर होत होता.

याच काळात ‘जोरजोरात खोका, झटका थांबेल’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होते. खोकल्यानं गुठळी विरघळत नाही, फक्त १०८ ला फोन करायची वेळ वाया जाते.

उशिराचा आणखी एक परिणाम होतो. पूर्ण जाडीभर मेलेला स्नायू मऊ पडतो आणि काही दिवसांत दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोकही पडू शकतं. वेळेवर होणाऱ्या अँजिओप्लास्टीमुळे हे फारच क्वचित दिसू लागलं होतं. २०२० मध्ये असे रुग्ण पुन्हा येऊ लागले आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नोंदी छापून येऊ लागल्या.