जपानमधला मालिशचा परवाना आणि त्यामागची अंधांची शाळा

७ फेब्रुवारी २०२२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका शिक्षणसंस्थेचा दावा फेटाळला. डोळस विद्यार्थ्यांना मालिशचा परवाना मिळवून देणारा अभ्यासक्रम या संस्थेला सुरू करायचा होता आणि सरकारने त्याला परवानगी नाकारली होती. सरकारचं कारण असं, की या धंद्यात डोळस माणसं आणखी वाढली तर दृष्टिहीनांच्या पोटावर पाय येईल. संस्थेचं म्हणणं, हा व्यवसायस्वातंत्र्यावर घाला आहे. न्यायालयाने सरकारचा नकार घटनेला धरून आहे असं ठरवलं.

आपल्याला ही बातमी चटकन समजत नाही. मालिशला परवाना लागतो इथपासूनच आपलं अडतं. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणारी बाई कुठे शिकली, असं कोणी विचारत नाही. ‘तिच्या हाताला गुण आहे’ एवढं शेजारणीने सांगितलं की पुरे. तालमीत पैलवानाचं अंग रगडणारा पोरगा वस्तादाचं बघून शिकतो. जपानमध्ये मात्र पैसे घेऊन मालिश करायची, तर तीन वर्षांचं शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा आणि मंत्र्यांच्या नावाने निघालेला परवाना लागतो. हाताच्या गुणाला तिथे शाळा का मिळाली आणि ती शाळा अंधांशी इतकी घट्ट का बांधली गेली, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

जपानी मालिशचं जुनं नाव ‘अन्मा’. ‘अन’ म्हणजे दाबणं, ‘मा’ म्हणजे चोळणं. विद्या आली चीनमधून. आठव्या शतकाच्या आरंभी जपानी दरबाराने चिनी धर्तीवर कायदेसंहिता केली, तेव्हा राजवैद्यकाच्या खात्यात अन्माचा एक अध्यापक आणि त्याच्या हाताखाली दहा विद्यार्थी अशी तरतूद होती. शिक्षणाची मुदत तीन वर्षं. आजही ती तीनच आहे. या योगायोगाचं मला नवल वाटतं. पुढे दरबाराचा कारभार ढासळला, हे खातंही विझलं आणि अन्मा लोकांच्या हाती गेली.

अंधांकडे ती आली एदो काळात, म्हणजे १६०३ नंतर. जपानमधल्या अंध पुरुषांची एक जुनी संघटना होती, ‘तोदोझा’. बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवत युद्धकथा गाणाऱ्यांपासून ती वाढली. तिच्यात वरपासून खालपर्यंत पायऱ्या होत्या. सगळ्यांत वर ‘केन्ग्यो’, खाली ‘झातो’, आणि वर चढायला पैसे मोजावे लागत. गाणं-वाजवणं सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमत नसे त्यांच्यासाठी अन्मा आणि सुईचिकित्सा (ॲक्युपंक्चर) हा रोजगाराचा दुसरा मार्ग झाला. रात्री गल्लीतून अंध अन्मावाला काठी टेकत, बारीक शिट्टी वाजवत जायचा. शिट्टी ऐकून दिवसभर राबलेला माणूस त्याला घरात बोलवायचा.

याच काळात सुगियामा वाइची (१६१०-१६९४) होऊन गेले. लहानपणी दृष्टी गेली, सुईचिकित्सा शिकायला एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आले आणि गुरूने ‘तुला जमणार नाही’ म्हणून काढून टाकलं. पुढची गोष्ट दंतकथा आहे, पण जपानमधले अंध विद्यार्थी ती आजही सांगतात. निराश झालेले वाइची एनोशिमा बेटावर गेले. तिथे गुहेत बेन्झाइतेन देवीचं ठाणं आहे. ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोहोचली, आणि वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा आली. वाइचींनी तिच्यापुढे उपास केला. परतताना दगडाला अडखळून पडले आणि पायाला काहीतरी टोचलं. चाचपून बघितलं तर गुंडाळलेल्या पानाच्या नळीत पाइनची सुई. त्यावरून त्यांना सुचलं, की सुई बारीक नळीत घालायची, नळी कातडीवर टेकवायची आणि वरून बोटाने टिचकी मारायची. डोळ्यांनी नेम धरायचं कामच नाही. नळीची ही पद्धत जपानी सुईचिकित्सेत आजही रोज वापरली जाते. गोष्ट खरी असो-नसो, डोळ्यांचं काम बोटांकडे सोपवणं ही युक्ती मात्र अस्सल आहे.

वाइचींनी पाचवा तोकुगावा शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशी याच्यावर उपचार केले. शोगुनने काय हवं ते माग म्हटलं, तेव्हा त्यांनी ‘एक डोळा’ मागितला म्हणतात. शोगुनने त्यांना एदोतल्या होन्जो भागात ‘हितोत्सुमे’ नावाच्या जागी जमीन दिली. या शब्दाचे दोन अर्थ होतात, ‘पहिला’ आणि ‘एकडोळ्या’. कालव्यावरच्या पहिल्या पुलापाशी असल्यामुळे जागेला ते नाव पडलं होतं. तिथे त्यांनी बेन्झाइतेनचं देऊळ उभारलं. आज ते टोकियोच्या र्योगोकु भागाजवळ एजिमा सुगियामा देवस्थान म्हणून आहे.

देवळापेक्षा त्यांची शाळा महत्त्वाची. १६८० च्या दशकात शोगुनच्या आज्ञेने त्यांनी अंधांना सुई आणि अन्मा शिकवणारी शिक्षणशाळा काढली. पॅरिसमध्ये व्हॅलेंताँ हाउय यांनी अंध मुलांची शाळा काढली त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. वाइचींच्या शिष्यांनी तशाच शाळा जपानभर नेल्या. त्याआधी गुरू मिळाला तर विद्या, नाही तर रस्ता, अशी गत होती. आता क्रमाने काय शिकायचं हे ठरलेलं होतं.

अशा शाळेत शिकवणं कसं चालतं, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. फळा नाही, आकृती नाही. शिक्षक विद्यार्थ्याचा अंगठा स्वतःच्या हाताखाली धरतो आणि पाठीच्या कण्याच्या दोन बोटं बाजूला नेऊन ठेवतो. तिथला स्नायू दोरीसारखा सरकतो. तो निसटू न देता अंगठ्याने गोल मळायचा. जोर अंगठ्याचा लावला तर सांधा महिन्याभरात दुखायला लागतो, म्हणून खांद्यातून शरीराचं वजन उतरवायचं. दाब बरोबर पडतोय का, हे बाहेरून कळत नाही. म्हणून शिक्षकच पालथा झोपतो आणि विद्यार्थी त्याची पाठ चोळतो. शिकवणाऱ्याची पाठ हीच परीक्षेची वही.

१८६८ नंतर शोगुनची सत्ता जाऊन सम्राटाचं मेइजी सरकार आलं आणि ही घडी विस्कटली. १८७१ मध्ये तोदोझा बरखास्त झाली. अंधांचे मान, दर्जे, उत्पन्न एका हुकुमाने गेलं. सरकारने पाश्चात्त्य वैद्यक अधिकृत केलं आणि जुन्या चिकित्सा खालच्या पायरीवर गेल्या. त्याच सुमारास नव्या तऱ्हेच्या अंध शाळा निघत होत्या. क्योटोत १८७८ मध्ये निघाली, टोकियोत १८८० मध्ये. १८९० मध्ये इशिकावा कुराजी यांनी बसवलेली जपानी ब्रेल टोकियोच्या शाळेने स्वीकारली. अन्माच्या शिक्षणात यामुळे मोठा फरक पडला असं मला वाटतं, कारण शरीररचना आता पाठांतरावर अवलंबून राहिली नाही. सांगाड्यावर बोटं फिरवायची आणि दुसऱ्या हाताने ठिपक्यांत त्या हाडाचं नाव वाचायचं. याच काळात युरोपातून ‘मसाज’ लष्करी डॉक्टरांमार्फत आला. अन्मा कपड्यांवरून करतात आणि हृदयापासून दूर, हातापायांच्या टोकांकडे जातात. मसाज उघड्या कातडीवर आणि हृदयाच्या दिशेने. शाळांनी दोन्ही शिकवायला घेतले.

पहिला देशव्यापी परवाना आला १९११ मध्ये, गृहखात्याच्या नियमांनी. परीक्षा द्या, मगच धंदा करा. त्या परवान्याचे दोन दर्जे होते. खालचा, सोप्या परीक्षेचा दर्जा फक्त अंधांसाठी. सोय होती, पण कमीपणाचा शिक्काही होता.

खरी कसोटी लागली महायुद्धानंतर. १९४७ च्या शरद ऋतूत हरलेल्या जपानवर ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाने सुई, मोक्सा (औषधी वनस्पती जाळून अंगाला शेक देणं), अन्मा या चिकित्सांना शास्त्रीय आधार नाही, त्या बंद कराव्यात असा आग्रह धरला. हजारो अंधांच्या घरची चूल यावर पेटत होती. व्यावसायिक, अंध शाळांतले शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, निवेदनं गेली, खासदारांची दारं ठोठावली गेली. अखेर २० डिसेंबर १९४७ रोजी कायदा झाला तो बंदीचा नव्हता, नियमनाचा होता. मान्यताप्राप्त संस्थेत शिकल्याशिवाय परीक्षेलाच बसता येणार नाही, असं त्यात ठरलं. बंदी टाळण्यासाठी मोजलेली ही किंमत होती आणि त्यातूनच विद्येचा पाया पक्का झाला. १९५५ मध्ये ‘शिआत्सू’, म्हणजे बोटांचा दाब, कायद्यात आली. म्हणून आजच्या परवान्याचं नाव लांबलचक आहे: अन्मा-मसाज-शिआत्सू.

पण परवाना सर्वांना खुला झाला की डोळस माणसं येणारच. ती आली आणि अंध मागे पडू लागले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. खटला मालिशचा नव्हता, विजेच्या यंत्राने केलेल्या एका उपचाराचा होता. विनापरवाना उपचार आरोग्याला अपायकारक ठरण्याची शक्यता असेल तरच त्याला शिक्षा करता येईल, असं न्यायालय म्हणालं. या फटीतून पुढे ‘मसाज’ हा शब्द न वापरता अंग चोळून देणारी असंख्य दुकानं उभी राहिली. तिथे काम करणाऱ्याला तीन वर्षं शिकावं लागत नाही. परवाना घेतलेल्या अंध माणसाला त्याच रस्त्यावर, त्याच गिऱ्हाइकासाठी त्यांच्याशी झगडावं लागतं. मला यातला अन्याय स्पष्ट दिसतो.

१९६४ मध्ये कायद्यात कलम १९ आलं, तेच २०२२ च्या खटल्याचं मूळ. दृष्टिहीनांची उपजीविका फार कठीण होऊ नये म्हणून डोळसांसाठीच्या नव्या मालिशशाळांना ‘तूर्त’ परवानगी नाकारता येईल, असं ते म्हणतं. शेजारच्या दक्षिण कोरियात याहून कडक नियम आहे: तिथे परवाना फक्त अंधांनाच. २००६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हा नियम रद्द केला, तेव्हा अंध मालिश करणारे सेऊलमध्ये हान नदीच्या पुलावर उतरले. संसदेने नियम कायद्यात पुन्हा घातला आणि २००८ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला.

दुसरी बाजूही मांडायला हवी. राखीव वाट पुष्कळदा एकुलती वाट होते. अंध मुलगा म्हणजे अन्मा, असं समीकरण जपानी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि ज्यांना दुसरं काही व्हायचं होतं त्यांची त्यात घुसमट झाली. आपल्याकडे अंध शाळांत वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत, त्याची आठवण होते. फरक एवढाच, की खुर्ची विणणाऱ्याला राष्ट्रीय परीक्षा नव्हती, परवाना नव्हता, प्लास्टिकची खुर्ची आली तेव्हा पाठीशी उभा राहणारा कायदाही नव्हता.

१९८८ च्या दुरुस्तीने परवाना प्रांताच्या गव्हर्नरकडून केंद्रीय मंत्र्याकडे गेला. बारावीनंतर तीन वर्षं हा नियम झाला आणि पहिली राष्ट्रीय परीक्षा १९९३ मध्ये झाली. आता परवानाधारकांत डोळस बहुसंख्य आहेत. तरी अंध शाळांतले वर्ग चालू आहेत: शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, आणि शाळेच्याच दवाखान्यात बाहेरून येणाऱ्या खऱ्या रुग्णांवर सराव. शिकून बाहेर पडलेले काही स्वतःचा दवाखाना थाटतात, काही रुग्णालयात जातात. काही मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांचे आखडलेले खांदे मोकळे करायला नोकरीवर राहतात. या पदाला तिथे ‘हेल्थ कीपर’ म्हणतात. परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस असते. कोणी ब्रेल प्रश्नपत्रिका घेतं, कोणी मोठ्या अक्षरांतली, कोणी ध्वनिमुद्रित. उत्तीर्ण व्हायला सर्वांनाच ६० टक्के लागतात.