आई-वडील अंथरुणाला खिळलेत, खर्च कसा भागवायचा: कोणता अर्ज कुठे, कोणते कागद (जळगाव, धुळे, नंदुरबार)

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण गोंधळ इथेच होतो. लकवा, कॅन्सर, किडनी, पार्किन्सन, काही पण असो, घरी सांभाळायला ठेवलेली बाई नाहीतर ब्रदर, डायपर, एअर बेड, रोजची फिजिओ, याचे पैसे हॉस्पिटलच्या कार्डातून (आयुष्मान, महात्मा फुले योजना) मिळत नाहीत. "कार्ड काढेल आहे ना, मग काय टेन्शन भो" असं म्हणणारे पारावर दहा भेटतील, पण ते कार्ड अ‍ॅडमिट असताना आणि डिस्चार्जनंतर थोडेच दिवस चालतं, साधी ओपीडी पण त्यात बसत नाही. म्हणून हिशोब असा लावा की अ‍ॅडमिटचा, किमोचा, डायलिसिसचा जेवढा खर्च योजनेवर टाकता येईल तेवढा टाकायचा आणि कापसाचे-केळीचे आलेले पैसे घरच्या सेवेसाठी धरून ठेवायचे. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्या आठवड्यात घाबरून प्रायव्हेटला सगळं भरून बसतात आणि पुढची दोन-तीन वर्षं उसनवारी.

आता कार्ड. वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे आणि याला उत्पन्नाची अट नाही, बागायतदार असो की रिटायर मास्तर. कागद फक्त आधार. वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण नवरा-बायको दोघं सत्तरीच्या वर असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीवाल्यांना हे वेगळे ५ लाख मिळतात. आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या निघतं, नाहीतर सीएससी सेंटर किंवा आशाताईंना विचारा. शेतात राबलेल्या माणसाचे ठसे मशीन घेत नाही हे नेहमीचं, तेव्हा ओटीपीने किंवा चेहऱ्याने करायला सांगा, त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. हे कार्ड राज्याबाहेर पण चालतं, म्हणजे नवापूर-नंदुरबारची मंडळी सुरतला जातात त्यांच्या कामाचं, फक्त तिथलं हॉस्पिटल योजनेत आहे का ते निघायच्या आधी १४५५५ वर विचारून घ्या.

सत्तरीच्या आत असतील तर महात्मा फुले जनआरोग्य योजना. पूर्वी पिवळं-केशरी कार्डवाल्यांपुरती होती, आता पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांना पण आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. इथे रेशन कार्ड महत्त्वाचं कारण कुटुंब त्यावरून ठरतं. वडिलांचं नाव गावच्या जुन्या कार्डात, आईचं धाकट्याच्या कार्डात, स्पेलिंग तिसरंच, असं असेल तर आजारपण यायच्या आधीच तहसीलच्या पुरवठा शाखेत नीट करून घ्या. अ‍ॅडमिट करताना हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणारा माणूस) रेशन कार्ड आणि आधार द्यायचं, आणि ते पहिल्याच दिवशी, बिल भरून झाल्यावर "आता योजनेत टाका" म्हटलं की कोणी ऐकत नाही. हेल्पलाईन १५५३८८.

योजनेत तो उपचारच बसत नसेल तर मग मुख्यमंत्री सहायता निधी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत), हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, रुग्णाचं आधार, रेशन कार्ड, आणि रुग्ण अ‍ॅडमिट असतानाचा जिओ टॅग फोटो (ज्यावर जागेची नोंद येते तो). हॉस्पिटल प्रायव्हेट असेल तर अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची (जिल्हा शल्यचिकित्सक) सही-शिक्का लागतो. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, आपल्या नाही. मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के निम्म्या दरात (३ लाख ६० हजारांपर्यंत) ठेवायचं बंधन आहे, पुणे-मुंबईला नेणार असाल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला हे स्पष्ट विचारा, स्वतःहून सांगतीलच असं नाही.

आता हातात येणारी रोकड. ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान, ६५ आणि पुढे श्रावणबाळ, दोन्हीत महिन्याला १५०० रुपये. संजय गांधीमध्ये पक्षाघात, कॅन्सर, क्षयरोग असे दुर्धर आजारवाले पण बसतात, हे पुष्कळ जणांना माहीतच नाही, त्यांना वाटतं ही फक्त विधवा बायांची पेन्शन. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. खरं सांगू का, २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, आजच्या मजुरीत हा आकडा म्हणजे चेष्टाच आहे, पण नियम तो आहे. दिव्यांगांसाठी मात्र मर्यादा ५० हजार आहे आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून त्यांचं अनुदान २५०० केलंय. म्हणून लकवा होऊन एक बाजू गेली असेल, पार्किन्सन असेल, तर आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा, मग पेन्शनचा अर्ज, हा क्रम सोडू नका.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि मग ठरलेल्या वारी सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे मेडिकल कॉलेजचा मोठा दवाखाना आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आलं की बहुतेक योजना उघडतात. झोपलेल्या पेशंटला गाडीत घालून नेणं म्हणजे हाल असतात, म्हणून जायच्या आधी फोन करून वार आणि डॉक्टर आहेत का विचारा, आणि एमआरआय, सीटी, डिस्चार्ज कार्ड सगळ्याची झेरॉक्स सोबत ठेवा.

पेन्शनचा अर्ज सेतूत किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत. कागद: वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, पासबुक, आजाराचं किंवा दिव्यांगत्वाचं सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, म्हणून वेळ लागतो, पोच पावती जपून ठेवा. पैसे आता डीबीटीने थेट खात्यात येतात, म्हणून आधार नुसतं बँकेत देऊन भागत नाही, ते डीबीटीला जोडलंय का ते विचारा, मंजूर होऊनही पैसे अडकतात ते पुष्कळदा इथेच. आणि दरवर्षी हयातीचा दाखला.

६५ च्या वर आणि उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्रीमधून एकदाच ३००० मिळतात, वॉकर-कमोड चेअरपुरते. नोकरीवाल्या पोरांनी टॅक्समध्ये पण बघावं, जुनी कर पद्धत घेतली असेल तर आई-वडिलांच्या आजारपणाची आणि दिव्यांगत्वाची वजावट मिळते, सीएला सांगा.

दोन अडचणी अशा आहेत ज्याबद्दल कोणी बोलत नाही. एक म्हणजे बँक. वडिलांच्या खात्यात पैसे आहेत पण सही करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत की आजारी माणसाचा अंगठा, हाताचा नाही तर पायाचा सुद्धा, चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा माणूस. सत्तरीच्या वरच्यांना घरपोच सेवा द्यायची पण सूचना आहे. शाखेत अर्ज लेखी द्या, तोंडी बोललं की "साहेब नाहीत". माणूस शुद्धीतच नसेल तर मात्र अंगठा चालत नाही, तिथे कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, म्हणून बोलता येतंय, कळतंय तोवर जॉइंट खातं आणि नॉमिनी करून घ्या.

दुसरी अडचण भाऊबंदकी. एक पोरगा सगळं करतो, बाकीचे सणाला येऊन सल्ले देतात. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, अर्ज प्रांत ऑफिसात. आई-वडील स्वतः करू शकतात, नाही जमलं तर त्यांनी सांगितलेला दुसरा माणूस किंवा संस्था. महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगी लावता येते, निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो, वकील लागत नाही. सांभाळायच्या अटीवर शेत पोराच्या नावावर केलं आणि नंतर त्याने बघितलं नाही तर ते खरेदी-बक्षीसपत्र रद्द करायची तरतूद पण यातच आहे, पण ती अट त्या कागदात लिहिलेली असेल तर काम सोपं जातं. म्हणून बक्षीसपत्र करायच्या आधी दस्तलेखकाला ती ओळ टाकायला लावा. माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा नंबर आहे, मराठीत बोलतात.