घोड्यातील सूचिचिकित्सा-बिंदू : उदर व कटिप्रदेश

घोड्याच्या पोटातील कळ शमवण्यासाठी व कमरेच्या स्नायूंचा ताठरपणा उतरवण्यासाठी चिनी पशुवैद्यकात शरीराच्या ज्या ठरावीक जागी सुई टोचतात, त्या जागांना सूचिचिकित्सा-बिंदू म्हणतात. सूचिचिकित्सा हा शब्द येथे ‘ॲक्युपंक्चर’ या रूढ शब्दाला पर्याय म्हणून वापरला आहे. पूर्वी याच जागी डाग देत व रक्तही काढत. आज तेथे सुईखेरीज बोटाचा दाब, सौम्य विद्युत्प्रवाह किंवा द्रवाचे इंजेक्शनही देतात. पोट आणि कंबर यांचे बिंदू एकत्र विचारात घेण्यास शरीररचनेचा आधार आहे. डच प्राणिशास्त्रज्ञ स्लाइपर यांनी १९४६ मध्ये चतुष्पादांच्या धडाची तुलना ताणलेल्या धनुष्याशी केली. पाठीचा कणा ही धनुष्याची काठी आणि पोटाच्या भिंतीतील स्नायू ही दोरी, असे मानले की एकीचा ताण दुसरीला का जाणवतो ते कळते. पोट दुखणारा घोडा कंबर वर काढून उभा राहतो आणि पाठ दुखणारा घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना पोट आवळून घेतो, हे तबेल्यात रोज वावरणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

उगम : या चिकित्सेचा उगम वादग्रस्त आहे. लोकप्रिय पुस्तकांत तो तीन हजार वर्षांमागे नेला जातो आणि त्यासाठी दोन नावे सांगितली जातात. त्यांपैकी पौराणिक पीतसम्राटाचा अश्ववैद्य मा शिहुआंग याला ऐतिहासिक व्यक्ती मानण्यास आधार नाही. दुसरे नाव बो ल याचे. च्छिन राज्याचा राजा मू (कारकीर्द इ.स.पू. ६५९–६२१) याच्या पदरी तो होता असे परंपरा सांगते, परंतु जुन्या चिनी साहित्यात तो अश्वपरीक्षक, म्हणजे घोड्याची पारख करणारा म्हणून येतो, चिकित्सक म्हणून नव्हे. त्याच्या नावावरील सूचिविषयक लघुग्रंथ सीमू आनजी जी या संग्रहात मिळतो. हा संग्रह तांग काळातील ली शी याच्या नावे सांगितला जातो व सामान्यतः नवव्या शतकातील मानला जातो. उपलब्ध पाठावर पुढील काळातील संस्करणांची छाया असावी. झोऊ राजवटीचे आचार वर्णन करणाऱ्या झोऊली या ग्रंथात पशुवैद्य हे राजसेवेतील पद म्हणून आले आहे, तथापि तेथे औषध पाजणे व व्रण खरवडून साफ करणे यांचा उल्लेख आहे, सुईचा नाही. शिवाय त्या ग्रंथाची रचनाच झोऊ काळाच्या अखेरीची किंवा त्याहून अलीकडची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

खात्रीने कालनिर्णय करता येतो तो युआन हंग ल्याओ मा जी या ग्रंथाचा. यू बनयुआन व यू बनहंग या अश्ववैद्य बंधूंचा हा ग्रंथ १६०८ मध्ये सिद्ध झाला आणि आजच्या अभिजात अश्वबिंदूंची बहुतेक नावे त्याच परंपरेतून आली आहेत. या परंपरेत सुयांचे तीन प्रकार आहेत. साधी ‘पांढरी’ सुई ऊतींत खुपसून ठेवतात, ‘रक्तसुई’ शीर उघडून रक्त काढते आणि ‘अग्निसुई’ तापवून टोचतात. पॉल ब्यूएल, डेव्हिड रेमी आदी टीकाकारांचे म्हणणे असे की जुन्या अश्वग्रंथांतील ‘सुई’ म्हणजे बव्हंशी नस्तर किंवा डागणी असून, आजच्या अर्थाने सूचिचिकित्सा घोड्यांवर फार उशिरा आली. हे मत टोकाचे वाटले तरी त्याचा गाभा दुर्लक्षिता येत नाही. अभिजात बिंदूंपैकी पुष्कळ बिंदू प्रत्यक्षात वरवरच्या शिरांवर आहेत आणि तेथे रक्त काढणे हाच उपचार सांगितला आहे. प्राचीनतेच्या दाव्यांपेक्षा १६०८ च्या ग्रंथापासून मागे जाणे हाच प्रस्तुत विषयात सुरक्षित मार्ग होय.

श्रीलंकेत हत्तींच्या सूचिचिकित्सेचा तीन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ असल्याचे विधान विसाव्या शतकातील अनेक पुस्तकांत एकमेकांवरून उतरवलेले दिसते; त्याचा काळ ठरवणारा पुरावा मात्र पुढे आलेला नाही. भारतातील अश्वशास्त्राची परंपरा स्वतंत्र व समृद्ध आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या संहितेत, तसेच जयदत्ताचे अश्ववैद्यक व नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सित या ग्रंथांच्या परंपरेत शिरावेध व अग्निकर्म हे उपचार येतात, आणि घोड्याच्या वैद्याला मराठीत ‘सलोत्री’ म्हणतात तो शब्दही शालिहोत्रावरूनच आला. चिनी रक्तसुई व अग्निसुई यांच्याशी या उपचारांचे साम्य उघड आहे. एवढ्यावरून एकाने दुसऱ्यापासून घेतले असे म्हणता येत नाही.

बिंदूंच्या दोन पद्धती : आज वापरात असलेल्या तक्त्यांत दोन पद्धतींची सरमिसळ आढळते आणि नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. अभिजात पद्धतीत प्रत्येक बिंदूला स्वतःचे नाव व जागा असून तो वाहिनीच्या, म्हणजे चिनी वैद्यकात मानलेल्या प्राणशक्तीच्या मार्गाच्या, रेषेवर बसवलेला नाही. दुसरी, स्थानांतरित पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तीत माणसाच्या शरीरावरील वाहिन्या व त्यांवरील क्रमांकित बिंदू घोड्याच्या शरीरावर उतरवले गेले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय सूचिचिकित्सा संस्थेच्या अभ्यासक्रमांमुळे ही पद्धत पाश्चात्त्य देशांत पसरली. हे स्थानांतर सोपे नव्हते. माणसाला फासळ्यांच्या बारा जोड्या व पाच कटिकशेरुक (कमरेचे मणके) असतात, घोड्याला सामान्यतः अठरा जोड्या व सहा कटिकशेरुक. काही अरबी घोड्यांत फासळ्यांच्या सतरा जोड्या व पाचच कटिकशेरुक सापडतात. त्यामुळे माणसात फासळी मोजून ठरवलेला बिंदू घोड्यात कोठे धरायचा, याबद्दल मतभेद झाले. पायाच्या बिंदूंचीही तीच गत आहे. गुडघ्याखाली पायाच्या बाहेरच्या बाजूचा ‘झूसानली’ (जठरवाहिनी क्र. ३६) हा बिंदू माणसात ठरवताना उपयोगी पडणारी बहिर्जंघास्थी (नडगीशेजारचे बारीक हाड) घोड्यात अर्धवटच राहिलेली असते, म्हणून त्याची जागा काही तज्ज्ञ नडगीच्या कडेला लागून, तर काही तिच्यामागे दोन स्नायूंमधील खाचेत देतात.

कमरेचे बिंदू : यांत ‘बायहुई’ हा सर्वांत महत्त्वाचा. नावाचा अर्थ ‘शंभरांचा मेळ’ असा आहे. माणसात या नावाचा बिंदू टाळूवर असतो. घोड्यात तो शेवटचा कटिकशेरुक व त्रिकास्थी (त्यामागचे जुळलेल्या मणक्यांचे हाड) यांच्यामधील खळग्यात, पाठीच्या मध्यरेषेवर आहे. नाव एक पण जागा भिन्न, याचे हे ठळक उदाहरण होय. नितंबाच्या बाहेर आलेल्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडा जोडणारी रेषा जेथे मध्यरेषेला छेदते, तेथे अंगठा दाबला की खळगा हाताला लागतो. घोड्याच्या पाठीत सर्वांत जास्त वाकणे-ताठणे याच सांध्यात होते, त्यामुळे कमरेची दुखापत येथे दाबल्यावर उघड होते यात आश्चर्य नाही. मणक्यांची संख्या घोड्यागणिक बदलू शकत असल्याने मोजण्यापेक्षा खळगा चाचपणे अधिक भरवशाचे ठरते.

बायहुईच्या दोन्ही बाजूंना दोन त्सुन अंतरावर ‘शनशू’ हा बिंदू असून त्याच्या पुढे व मागे तेवढ्याच अंतरावर अनुक्रमे ‘शनपंग’ व ‘शनज्याओ’ आहेत. त्सुन हे ठरावीक मोजमाप नव्हे; ते त्या त्या जनावराच्या अंगावरून घेतात आणि घोड्यात साधारणतः एका फासळीच्या रुंदीएवढे धरतात. शन म्हणजे वृक्क (मूत्रपिंड). स्थानांतरित पद्धतीतही वृक्काचा बिंदू शनशू याच नावाने (मूत्राशयवाहिनी क्र. २३) आहे, पण तो दुसऱ्या व तिसऱ्या कटिकशेरुकांच्या मधल्या पातळीवर, म्हणजे बराच पुढे येतो. ‘शनशूला सुई लावली’ एवढेच लिहिलेले उपचारपत्रक म्हणूनच अपुरे असते. जागा कोणत्या पद्धतीची, तेही नोंदवले पाहिजे. नवी मांडणी तुलनात्मक शरीररचनेशी सुसंगत असली, तरी कमरेच्या दुखण्यात अभिजात जागेचाच आग्रह अनुभवी चिकित्सक धरतात आणि सांध्याशी असलेली तिची जवळीक पाहता तो सयुक्तिक वाटतो.

मूत्राशयवाहिनीची आतली रेषा मध्यरेषेपासून सुमारे तीन त्सुन अंतरावर, पाठीचा लांब स्नायू व त्याच्या बाहेरचा स्नायू यांच्यामधील खाचेतून जाते. बृहदांत्राचा बिंदू (क्र. २५) याच रेषेवर पाचव्या व सहाव्या कटिकशेरुकांच्या मधल्या पातळीवर येतो. कटिकशेरुकांच्या शेजारी ‘याओच्छ्येन’, ‘याओझोंग’ व ‘याओहोऊ’ (कमरेचा पुढचा, मधला व मागचा) ही त्रयी असून पुठ्ठ्यावर ‘बाशान’ हा बिंदू बायहुई व मांडीच्या हाडाचा मोठा उंचवटा यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर आहे.

पोटाचे बिंदू : पोटशूळासाठीचे कित्येक अभिजात बिंदू पोटापासून दूर आहेत. ‘सानज्यांग’ डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखालील शिरेवर असून तेथे रक्त काढत. ‘फनशुई’ वरच्या ओठावरील केसांच्या भोवऱ्यात, ‘ज्यांगया’ नाकपुडीच्या कूर्चेपाशी, तर ‘होऊहाय’ गुदद्वार व शेपटीचे मूळ यांच्यामधील खळग्यात आहे. शेवटचा बिंदू मलावरोध व अतिसार या दोन्हींत वापरतात. ओठावरील बिंदूबाबत एक निरीक्षण उद्बोधक आहे. बिथरलेल्या घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो दांड्याने पिळण्याची जुनी रीत जगभर आहे. लागरवाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या पिळ्यामुळे रक्तातील बीटा-एंडॉर्फिन हे वेदनाशामक द्रव्य वाढत असल्याचे दाखवले आणि हा सूचिचिकित्सेचाच एक प्रकार असावा असे सुचवले.

प्रत्यक्ष उदरप्रदेशात ‘झोंगवान’ हा बिंदू उरोस्थीचे टोक व बेंबी यांच्या मध्यावर, तर ‘ट्यानशू’ बेंबीच्या दोन्ही बाजूंना आहे. पोटशूळात सर्वांत अधिक चर्चिला गेलेला बिंदू ‘ग्वानयुआनशू’ होय. घोड्यात तो शेवटच्या फासळीमागे, वर सांगितलेल्या स्नायूंमधील खाचेत असून त्याची जागा मूत्राशयवाहिनी क्र. २१ शी जवळजवळ जुळते. माणसात मात्र याच नावाचा बिंदू बराच खाली, पाचव्या कटिकशेरुकाजवळ असतो.

उपचार : चिकित्सक प्रथम पाठीच्या खाचेवरून मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत बोटांची टोके सारख्या दाबाने ओढत नेतो. दुखऱ्या जागी कातडी थरथरते, पाठ खाली बसते, कान मागे जातात किंवा घोडा शेपूट फटकारतो. मोतद्दाराने घोडा मोकळ्या लगामाने धरावा, कारण आवळून धरलेल्या घोड्याची पाठ आधीच ताठ असते. सुया साधारणतः वीस ते तीस मिनिटे ठेवतात. फासळ्यांच्या मधल्या जागी त्या तिरप्या घालतात, म्हणजे फुप्फुसाला धोका राहत नाही. स्नायू एकदम आवळला तर सुई वाकते, अशा वेळी ती ओढू नये, स्नायू सैल पडण्याची वाट पाहावी. उपचार लागू पडू लागला की घोडा मान खाली सोडतो, खालचा ओठ लोंबू लागतो, तो तोंड चघळल्यासारखे करतो आणि लांब श्वास टाकतो.

परिणामकारकता : कमरेच्या जुनाट दुखण्यात पुरावा तुलनेने अनुकूल आहे. मार्टिन व क्लाइड यांनी १९८७ मध्ये बिंदूंत मिठाचे द्रावण टोचून सुधारणा नोंदवली, मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी गट नव्हता. श्ये व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पंधरा घोड्यांवर केलेल्या चाचणीत विद्युत्-सूचिचिकित्सेने तीन उपचारांनंतर पाठीची वेदना उतरली, फिनाइलब्यूटाझोन या वेदनाशामक औषधाने तसे झाले नाही. स्कार्डा व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत (२००२–०३) पाठीवरील बिंदूंना विद्युत्प्रवाह दिल्यावर मेरुद्रवातील बीटा-एंडॉर्फिन वाढले आणि गुदाशय ताणल्यावर होणाऱ्या वेदनेची सहनमर्यादाही उंचावली. पोटशूळाचे चित्र वेगळे आहे. मेरिट व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये घोड्यांच्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात फुगा फुगवून कळ निर्माण केली व ग्वानयुआनशू बिंदूला विद्युत्प्रवाह दिला. अस्वस्थतेची लक्षणे लक्षणीय कमी झाली नाहीत. हाबाखर, पिटलर व अर्न्स्ट यांच्या २००६ मधील आढाव्याने एकूण पशुवैद्यकीय सूचिचिकित्सा स्वीकारण्यास किंवा फेटाळण्यास पुरेसा भक्कम पुरावा नसल्याचे म्हटले. कमरेसाठी पूरक उपचार म्हणून ती ग्राह्य धरावी, पोटशूळात तिच्यावर विसंबू नये, असे या अभ्यासांवरून म्हणणे रास्त ठरेल.

मर्यादा : घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर तुंबले तर ते फुटू शकते, आणि आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत ते निकामी होते. जमीन खरवडणे, कुशीकडे वळून पाहणे, पोटावर लाथ मारणे, वारंवार लोळणे व घाम फुटणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्याला बोलवावे. विश्रांतीत घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. ते साठापुढे गेले तर एकही क्षण सुयांत किंवा चोळण्यात दवडू नये. वेदना तात्पुरती दबल्यास शस्त्रक्रियेची वेळ टळून जाण्याचा धोका असतो, म्हणून निदान झाल्याशिवाय पोटाच्या बिंदूंवर उपचार करू नयेत. कमरेच्या बाबतीत न बसणारे खोगीर, एकमेकांना घासणारे मणक्यांचे काटे किंवा मागच्या पायातील लंगडेपणा ही मूळ कारणे आधी शोधावी लागतात; ती तशीच राहिली तर ताठरपणा परत येतो. गाभण घोडीत कमरेचे व पोटाचे बिंदू टाळतात. जखम, गाठ किंवा संसर्ग झालेल्या कातडीतून सुई घालत नाहीत.