‘ऐकत नाही’ की ‘जमत नाही’? पीडीएची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात बालविकास मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांच्याकडे तपासणीला येणारी काही मुलं ऑटिझमच्या तेव्हाच्या चौकटीत नीट बसत नव्हती. ती गप्पा मारत, खोटं-खोटं खेळण्यात रमत. पण साधं काही करायला सांगितलं, की विषय बदलत, ‘माझे पायच चालत नाहीत’ म्हणत, मांजर होऊन टेबलाखाली जाऊन बसत. काहीच चाललं नाही तर आरडाओरडा आणि मारणं. हे साम्य पाहून १९८०च्या दशकात न्यूसन यांनी नाव दिलं: पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स (साध्या मागण्याही आजारासारख्या टोकाला जाऊन टाळणं), म्हणजे पीडीए. त्यांच्या नोंदींत मुली जवळपास मुलग्यांइतक्याच होत्या. सविस्तर शोधनिबंध मात्र २००३ साली आला.

डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या निदानसूचींत पीडीए हे स्वतंत्र निदान नाही. तो ऑटिझमचाच एक प्रकार, की तीव्र चिंतेतून येणारं वागणं, हा वाद सुरू आहे. पुढे संशोधनासाठी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. तिच्या गुणांवरून निदान करू नये. ‘पॅथॉलॉजिकल’ हा शब्दही अनेकांना खुपतो, आणि आमच्या मते ते रास्त आहे.

नावाच्या वादापेक्षा पालकांना जास्त उपयोगी पडली ती न्यूसन यांची दृष्टी: हे मूल हट्टानं टाळत नाही, सूचना आली की ताबा गेल्याची भीती त्याला घेरते. म्हणूनच स्टारचा तक्ता (सांगितलेलं केलं की स्टार, आणि स्टार साठले की बक्षीस) इथे फसतो, कारण बक्षीस हीही एक मागणीच. ‘शाब्बास’सुद्धा कधी उलटतं, कारण उद्याही हेच करावं लागणार असं त्याला वाटतं. भूक लागणं किंवा आवडत्या वाढदिवसाला जाणं यांचंही दडपण येऊ शकतं.

‘बूट घाल’ म्हणण्याऐवजी ‘बूट दाराशी ठेवलेत’ एवढंच म्हणा आणि तिथून निघून जा. तिथेच त्याच्याजवळ उभं राहिलात तर वाक्य कितीही मऊ असो, त्याला हुकूमच ऐकू येतो. पर्याय दोनच द्या. पाच दिले की निवडणं हेच ओझं होतं. सुरक्षिततेचे मोजकेच नियम पक्के ठेवा, बाकीचे त्या दिवशी सोडून द्या. शाळेतून आल्यावर तर आधी काहीच मागू नका. मूल पूर्ण बिथरलं की समजावणं थांबवा, तेव्हा प्रत्येक शब्द नवी मागणी ठरतो. आणि चार दिवस चाललेली युक्ती पाचव्या दिवशी फसली, तर ती ताणू नका, बाजूला ठेवा; काही आठवड्यांनी पुन्हा लागू पडू शकते.